दोरीवरच्या मुलीचा झगा

मंगळवार, ४ मार्च

ही वही ह्यांनी आणून दिली. काल जेवताना मी तिसऱ्यांदा चिमटीचा विषय काढला, तेव्हा हे घास तसाच हातात धरून म्हणाले, "अगं, मी नवरा आहे, तक्रारपेटी नाही. वहीत लिही काय लिहायचं ते." आणि आज खरंच कोपऱ्यावरून वही घेऊन आले. रेघा इतक्या फिकट छापल्यात की असून नसल्यासारख्या. हल्ली कशालाच दर्जा राहिला नाही.

तर लिहिते. पेन्सिलनेच लिहिते, कारण एकतीस वर्षं संग्रहालयाच्या कागद-दुरुस्तीच्या खोलीत गेली आणि तिथे पेनला बंदी आहे. शाईचा एक डाग जुन्या कागदाची वाट लावतो. दारावर पाटीच आहे, माझ्या अक्षरात: 'आत पेन आणू नये.' साहेब आला तरी मी त्याचा खिसा तपासते.

चिमटी म्हणजे डिसेंबरात आलेली नवी मुलगी. तिशीची असेल. मोठं शिक्षण घेऊन आली आहे. कागदाला बोट म्हणून लावत नाही, सगळं चिमट्याने. म्हणून चिमटी, अर्थात मनातल्या मनात. सहा महिने उमेदवारी, मग कायम. मला निवृत्त व्हायला चौदा महिने आहेत आणि माझी खुर्ची अजून गरम असतानाच तिची नजर तिच्यावर आहे. पहिल्या दिवशी काय म्हणाली, तर, "ताई, तुमच्या खळीच्या वहीची झेरॉक्स आमच्या वर्गात फिरायची. मी खळ शिजवायला त्यातूनच शिकले." मस्का लावायचा तर थोडा पातळ लावावा. आणि ताई कुठून? मी कोण हिची ताई?

बाही नेहमी खोडरबराच्या चुऱ्याने भरलेली. अर्धा प्यालेला चहाचा कप खिडकीत विसरते. गुणगुणते. तेही सुरात.

मंगळवार, ११ मार्च

आज अंगाचा तिळपापड झालाय. नीट क्रमाने लिहिते.

पुढच्या दालनात जुन्या पोस्टरांचं कायमचं प्रदर्शन होणार, हे दोन वर्षांपासून ठरतंय. दारासमोर लावायचं मुख्य पोस्टर कोणतं, हेही ठरलेलंच: दोरीवरची मुलगी. सर्कशीची जाहिरात, पुरुषभर उंचीची. दोरीवर एका पायावर उभी मुलगी, हातात निळी छत्री, पायात लाल बूट आणि अंगात पिवळा झगा. इतका पिवळा की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

ती मुलगी मी आणली. बावीस वर्षांपूर्वी एक न्हाव्याचं दुकान पाडत होते, त्याच्या मोठ्या आरशामागे कुणीतरी तिला खळीने चिकटवून ठेवली होती. उजेड कधी लागलाच नव्हता, म्हणून रंग तसेच्या तसे. आरसा मजुरांनी फोडू नये म्हणून मी दिवसभर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. आणली, सपाट केली, खणात ठेवली, आणि बावीस वर्षं तिच्यावर काम केलं नाही. कागद आम्ल धरून आंबट झालाय, कोपरे बिस्किटासारखे तुटतात, हे ठाऊक होतं. पण म्हटलं, हात अजून तयार झाला की मग. शेवटचं काम म्हणून ठेवली होती मी ती. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलायला हवं होतं का?

आज सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, बैठकीत जाहीर केलं: दोरीवरची मुलगी चिमटीकडे. मला कोणतं? तर पेंडीच्या, सायकलीच्या टायरच्या आणि साबणाच्या जाहिराती. सर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, त्यांना काय कळतं, असं मी समजून घेतलं असतं. पण बाहेर पडताना कारकून कानाशी लागला: "तिनेच मागून घेतलं म्हणे. सरांच्या खोलीत जाऊन."

मागून घेतलं!

घरी आले तर रंगाऱ्याने बैठकीची खोली रंगवून ठेवलेली. मी पांढरा सांगितला होता, मेल्याने पिवळट देऊन ठेवलाय. हे म्हणतात, "पांढराशुभ्र आहे." पुरुषांना रंग कळत नाहीत हेच खरं. सकाळी एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून गेले होते, आणि वर म्हणतात मोजे तूच जोडलेस.

सोमवार, १७ मार्च

ती गुणगुणत होती. माझ्या मुलीच्या अंगावर वाकून.

बुधवार, २ एप्रिल

आमच्यात रीत अशी: कागदाला आंघोळ घालायच्या आधी थेंबाची चाचणी करायची. प्रत्येक रंगावर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवायचा, मिनिटभराने त्यावर टीपकागदाची पट्टी दाबायची. पट्टीला रंग लागला तर तो रंग कच्चा, पाणी वर्ज्य. नाही लागला तर खुशाल आंघोळ घाला. त्या पट्ट्या पाकिटात घालून, वर सही करून फाईलमध्ये ठेवायच्या. ही पाकिटाची पद्धत मीच सुरू केली.

आज फाईल उघडून पाहिली. (माझीच खोली आहे, चोरून काय पाहायचं.) चिमटीने लिहिलंय: 'पिवळा कच्चा. आंघोळ घालू नये. फक्त कोरडी सफाई.' म्हणजे खोडरबराचा चुरा घासत बसणार. अहो, त्या कागदाची आंबटाई चुऱ्याने जायची आहे का? धुतला नाही तर दहा-पंधरा वर्षांत भुगा होईल. पण बाईसाहेब पाण्याला घाबरतात. नाचता येईना अंगण वाकडे.

ती जेवायला गेली तेव्हा मी स्वतः चाचणी केली. झग्याच्या घेरावर, आतल्या चुणीत, जिथे कुणाला दिसणार नाही. पूर्ण दोन मिनिटं थांबले. पट्टी उचलून खिडकीपाशी नेली, उलटसुलट केली. दुधासारखी कोरी. सही करून पाकिटात घातली.

सरांना सांगू का? नको. म्हणतील, बाईंच्या पोटात दुखतंय.

बुधवार, ९ एप्रिल

आज छत्री विसरले म्हणून परत गेले, तर चिमटी माझ्या टेबलावर. माझ्या! टायरच्या जाहिरातीचा फाटका कोपरा मी परवाच पूर्ण केला होता, नवा कागद भरून वर आकाशाचा निळा जुळवून. ही त्यावर वाकलेली, हातात बारीक कुंचला, शेजारी बशीत कालवलेला रंग.

"काय चाललंय?"

दचकली. "धूळ झटकत होते, ताई."

"रंग घेऊन धूळ झटकतात का तुमच्या कॉलेजात?"

तिचे कान लाल झाले होते. मग म्हणाली, "ताई, इथला उजेड बरोबर नाहीये ना? मी सरांना खिडकीजवळचं टेबल मागू का तुमच्यासाठी?" बघा, आता टेबलापासून सुरुवात. आज टेबल हलवणार, उद्या मला.

उजेड बरोबर नाही हे मात्र खरं. नवे दिवे अगदीच मिणमिणते आहेत. आणि रस्त्यावर गाड्यांचे दिवे उलटे, डोळ्यात फुटतात. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले डोळे तपासून घे. चष्म्याचा नंबर वर्षापूर्वीच बदललाय. दरवेळी दोष माझाच कसा?

रविवार, २० एप्रिल

जाऊ आली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी आहे, शिकतेय. तू नव्हतीस का अशी?" मी अशी नव्हते. मला कुणी मागूनही काही देत नव्हतं. माझ्या वेळच्या बाईंनी चार वर्षं मला नुसते टीपकागद वाळत घालायला लावले. चिमटीला चौथ्या महिन्यात दोरीवरची मुलगी.

खरं सांगायचं तर (वहीत तरी सांगावं) तिचा हात चांगला आहे. माझा तिशीत एवढा नव्हता. हेच तर सहन होत नाही.

सोमवार, ५ मे

चिमटी उद्यापासून दोन दिवस रजेवर. तिच्या आईचं दवाखान्याचं काम आहे. जाताना दोनदा सांगून गेली, "ताई, मुलीला पाणी नका लावू देऊ कुणाला." कुणाला! खोलीत आहे कोण? मी आणि फरशी पुसणाऱ्या मावशी.

मंगळवार, ६ मे

घातली. आंघोळ घातली मी तिला.

सकाळी खण उघडला, एक कोपरा चिमूटभर तुटून खाली पडला होता. तेवढं निमित्त पुरलं. म्हटलं, बावीस वर्षांपूर्वी मजुरांपासून वाचवली ती काय हिच्या भित्रेपणापायी भुगा व्हायला? चाचणी माझ्याकडे आहे, सही माझी आहे. आणि हेही लिहिते, कारण वही माझीच आहे: ती परत येईल तेव्हा काम झालेलं असावं आणि तिचं तोंड बघावं, हेही मनात होतं.

मोठा ट्रे भरला, दाराएवढा. जाळीवर घेऊन तिला हळूच पाण्यात सोडली. इतक्या वर्षांनी ती पाण्यात अशी पसरली, सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या, जणू दमून आलेलं माणूस पाय सोडून बसलंय. मला रडूच आलं.

मावशी बादली घेऊन आल्या. वाकून बघत म्हणाल्या, "ताई, पाणी पिवळंधम्मक झालंय हो."

"व्हायलाच हवं. जुना कागद पाण्यात गेला की मळ सोडतो. पाणी चहासारखं होतं. जितकं पिवळं, तितका कागद सुटला म्हणायचं."

"चहासारखं नाही ताई. लिंबाच्या सालीसारखं आहे."

"मावशी, तुम्ही फरशीकडे बघा, मी पाण्याकडे बघते."

तीन पाणी बदलली. तिसरं नितळ निघालं. टीपकागदांत घालून, वर फळ्या आणि वजनं ठेवली. दोन दिवसांनी उघडायची.

आज घरी जाताना मीच गुणगुणत होते. बेसूर, पण गुणगुणत होते.

गुरुवार, ८ मे

सकाळी तिच्याआधी जाऊन उघडली. काय सांगू! कागद मऊ झालाय, अंगावर हात फिरवावासा. लाल बूट तसेच, छत्री तशीच, झगा तसाच पिवळा. भिंतीला टेकवून मी दहा पावलं मागे जाऊन उभी राहिले. एकतीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम.

चिमटी आली. दारातच थांबली. पिशवी खांद्यावरून खाली घसरली तरी तिने उचलली नाही.

"बघितलंस?" मी म्हटलं. "काही झालं का तिला पाण्याने?"

ती पोस्टरजवळ गेली, पार नाक लागेल इतकी जवळ. मग माझ्याकडे वळली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं, जळली. अक्षरशः वाटलं, आता कळेल हिला जळणं काय असतं.

तेवढ्यात सर आले. हातात प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेचा नमुना, त्यावर मुलीचा जुना फोटो. त्यांनी पत्रिका पोस्टरशेजारी धरली.

"झगा कुठे गेला?"

मला प्रश्नच कळला नाही. सर चिमटीवर ओरडत होते. "पांढराफटक झालाय! पाण्यात घातलंस? तुझ्याच अहवालात 'घालू नये' लिहिलंय ना? स्वतः मागून घेतलंस हे काम, स्वतः! कायम करायचं पत्र सहीला पडलंय माझ्याकडे, ते आता तसंच राहील."

चिमटीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "चूक झाली, सर."

मी बोलणार होते. तोंड उघडलं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते, देवाशपथ. पण सर पाय आपटत निघून गेले, आणि मग मी उघडलेलं तोंड मिटलं.

पिवळा गेला म्हणतात. मला तर समोर दिसतोय. मग मी कशाची कबुली देऊ? दोघे मिळून मला वेड्यात काढताहेत का?

पण मग ती 'चूक झाली' का म्हणाली? तिने तर काही केलंच नव्हतं.

शुक्रवार, ९ मे

ह्यांना विचारलं, "खरं सांगा, बैठकीच्या खोलीची भिंत कोणत्या रंगाची आहे?"

हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पांढरी. मार्चपासून पांढरी आहे."

"आणि माझा हा रुमाल?"

"तोही पांढरा. अगं, काय झालंय?"

मला दोन्ही सारखेच पिवळट दिसतात. मी ह्यांना काही सांगितलं नाही. हेही पुढे काही विचारत नव्हते, पण मी उठेपर्यंत पेपर परत उचलला नाही त्यांनी.

सोमवार, १२ मे

फाईलमधून माझं पाकीट काढलं आणि पट्टी चिमटीसमोर ठेवली. म्हटलं, "ही माझी चाचणी. दोन एप्रिलची. कोरी आहे की नाही तू सांग."

तिने खणातून निळी काच काढली, पत्त्याएवढी. "यातून बघा, मॅडम." ताई नाही म्हणाली. पाच महिने मला त्या ताईचा राग होता, आज ती नसल्याचं लागलं.

काच डोळ्याशी धरली. कोऱ्या पट्टीच्या मधोमध मसुरीएवढा काळा ठिपका. काच काढली की नाही, धरली की आहे. पिवळा रंग निळ्या काचेतून काळा दिसतो, हे मीच पोरांना शिकवलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मोतीबिंदू असणार," ती म्हणाली. "माझ्या आईला तसंच झालं होतं. पिवळं आणि पांढरं एकच दिसायचं, आणि घरातले सगळे खोटं बोलतात असं वाटायचं. तुम्ही जानेवारीत एका नाटकाच्या जाहिरातीत आकाश भरलंत ना, ते हिरवट आलं होतं. मला तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? उजेडाचं बोलले तर तुम्ही आठवडाभर बोलत नव्हतात!" आवाज चढला होता तिचा. चिमटीचा आवाज चढतो हे मला ठाऊकच नव्हतं. "संध्याकाळी थांबून तुमचे कोपरे परत रंगवत होते मी. सहा पोस्टर. मुलगी सरांकडून मागून घेतली ती तुमच्या हाती पडू नये म्हणून. पाच महिने झाकत फिरले, मॅडम, आणि दोन दिवस, फक्त दोन दिवस मी नव्हते!"

मी म्हटलं, "तुला माझी दया आली होती तर."

"दया नाही. मला तुमच्याकडून शिकायचं होतं. आता राग आलाय."

आणि ती खरंच रडली, बाहीने डोळे पुसायला गेली तर खोडरबराचा चुरा डोळ्यात गेला. मी ओला टीपकागद पुढे केला. दुसरं काय करणार होते.

मंगळवार, १३ मे

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीत मोतीबिंदू पिकलेत. उजवा तीन जूनला, डावा त्याच्या पुढच्या महिन्यात. म्हणाले, इतके दिवस काम कसं करत होतात? मी म्हटलं, उत्तम करत होते, असं वाटत होतं.

रजेवर जाण्याआधी मुलीच्या फाईलमध्ये लिहिलं. आमच्या नोंदीला तीन रकाने असतात: काय केले, कधी केले, कोणी केले. पहिले दोन चिमटीने भरले होते. तिसरा मी भरला, पेन्सिलने, आमच्या नियमाप्रमाणे. 'आंघोळ मी घातली. पिवळा कच्चा आहे असे अहवालात असताना. चूक माझी.' खाली सही. फाईल आठवड्याभरात सरांकडे सहीला जाते, तेव्हा ते वाचतील. सरांसमोर जाऊन तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही. कागदाची बाई आहे मी, कागदालाच बोलू दे.

गुरुवार, ५ जून

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. बैठकीची खोली पांढरी आहे. ह्यांची क्षमा मागणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. मोज्यांचीही मागितली. हे म्हणाले, "लेखी दे."

मजा म्हणजे उजवा डोळा मिटला की भिंत पुन्हा पिवळी होते. डावा मिटला की पांढरी. दिवसभर हाच खेळ खेळत बसले. वहीच्या रेघाही चांगल्या ठळक आहेत. निळ्या.

सोमवार, १६ जून

आज कामावर गेले.

आधी माझ्याच जाहिराती पाहिल्या. टायर, साबण, पेंड. सहाही कोपऱ्यांत मी भरलेला रंग कुठे आणि मूळचा कुठे, मला शोधून सापडेना. म्हणजे माझा नव्हेच तो. इतकं बेमालूम काम मी माझ्या सगळ्यात चांगल्या दिवसांतही केलेलं नाही. पोटात जुनं दुखणं उठलं. डोळा बदलला, पोट तेच.

मग मुलगी. ती दालनात लागलीये, दारासमोर, काचेमागे. सरांनी पत्रिका नव्याने छापून घेतली. मी नव्या डोळ्याने पाहिलं. बूट लाल, छत्री निळी. झगा नाही. झग्याच्या जागी नुसत्या चुण्यांच्या रेषा आणि कोरा कागद, घातलेले कपडे कुणी काढून नेल्यासारखी उभी आहे बिचारी. आणि तरी एका पायावर, तोल न ढळता. महिनाभर मी 'पिवळा गेला, पिवळा गेला' असं लिहीत आणि म्हणत होते, पण पाहिला नव्हता गेलेला. आज पाहिला. पाच-सहा शाळकरी मुलं बाजूने हसत गेली, त्यांना ती पांढऱ्या झग्यातलीच वाटली असणार.

खोलीत येऊन फाईल काढली. खाली सरांची सही. तिसरा रकाना कोरा.

कोरा म्हणजे, जुन्या डोळ्याला कोरा. नव्याला दिसलं: कागद तिथे किंचित खरखरीत झालाय, पेन्सिलीचा दाब अजून उमटलेला आहे, आणि शिवणीत खोडरबराचे दोन चुरे अडकलेत. खोडावं तर असं. कागदाला जराही न दुखवता.

चिमटी खळ ढवळत होती. मी म्हटलं, "हे तू खोडलंस."

वर न बघता म्हणाली, "तुमचं एक वर्ष राहिलंय. ते असं जायला नको. माझ्यापुढे तीस वर्षं आहेत, मी निस्तरेन."

"तुला कायम करायचं पत्र?"

"थांबलंय. सुटेल कधीतरी."

अशी रागावले मी! लिहिताना अजून कान तापताहेत. चोरी करणारी, खुर्ची बळकावणारी, मस्का लावणारी चिमटी मला परवडली असती. तिच्यावर जळायला सोपं होतं. हिच्यावर कसं जळायचं? आणि न जळता तरी कसं राहायचं? तिच्या जागी मी असते तर ते खोडलं नसतं. ठळक करून सरांच्या टेबलावर ठेवलं असतं. हे मला नक्की माहीत आहे, आणि ते तिच्यामुळे माहीत झालं, याबद्दल तिला माफ करायला मला वेळ लागेल.

फाईल उचलली आणि बाहेर निघाले. पहारेकऱ्याकडून पेन मागून घेतलं.

चिमटी मागून धावत दारापर्यंत आली. "ताई! पेन नाही चालत. तुमचाच नियम आहे."

"आत नाही चालत," मी म्हटलं. "मी बाहेर उभी आहे."

कट्ट्यावर फाईल ठेवून तिसरा रकाना भरला. तेच शब्द, निळ्या शाईत, चांगले दाबून. फुंकर घालून वाळवले. तिच्या खोडरबरावर माझा आता अजिबात भरवसा नाही. मग फाईल घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि या वेळी कागदाच्या भरवशावर न राहता तोंडानेही सांगितलं. सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, तिचं पत्र आजच जाईल; तुमचं काय करायचं ते समिती ठरवेल. ठरवू दे.

परत आले तर चिमटीने खिडकीजवळचं टेबल माझ्यासाठी रिकामं करून ठेवलेलं, तिचा अर्धा कप मात्र तिथेच. मी बसले. खळ बाजूला ठेवून तिने विचारलं, "ताई, डावा डोळा अजून व्हायचाय ना?"

"चौदा जुलैला."

"म्हणजे त्या डोळ्याने अजून..."

"दिसतो," मी म्हटलं. "उजवा मिटला की झगा जसाच्या तसा."

ती खुर्ची ओढून जवळ आली. "सांगा ना, कसा आहे? मी रंग नीट लिहूनच ठेवला नव्हता. वाटलं होतं, आहेच की समोर."

तिच्या चेहऱ्यावर ते होतं. मी ओळखलं, डिसेंबरपासून माझ्या चेहऱ्यावर तेच होतं. जे आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतंय, याचं ते दुखणं. वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर बघून बरं वाटेल. नाही वाटलं.

मग आम्ही दालनात गेलो. मी उजव्या डोळ्यावर तळहात धरला, आणि तिने पेन्सिल काढली.